अडुसष्टाव्या दिवसाची सर्दी: एका बाळाच्या पहिल्या आजारपणाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

मी एका रुग्णालयात बाळंतिणींच्या कक्षात परिचारिका आहे. घरी जाणाऱ्या प्रत्येक बाळंतिणीला मी माझा नंबर देते, दूध पाजण्याबाबत काही अडलं तर विचारा म्हणून. बहुतेक फोन पहिल्या दहा-बारा दिवसांत येतात. हा फोन आला तेव्हा बाळ अडुसष्ट दिवसांचं होतं आणि रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. पुढचे पंधरा दिवस त्या घरात काय काय झालं ते बाळाच्या आईने एका शंभर पानी वहीत लिहून ठेवलं. तिला विचारून, ओळख पटेल असे तपशील बदलून, ते इथे मांडते आहे.

मुलगी पूर्ण दिवसांची, जन्माचं वजन २.९ किलो, बाळंतपण सुखरूप. निव्वळ आईच्या दुधावर. आई पहिलटकरीण, माहेरी निफाड तालुक्यात. बाळाचे बाबा चाकणला कारखान्यात, शनिवार-रविवारी येऊन जाणारे. घरात आजी, आजोबा, पणजी, मामा-मामी आणि अंगणवाडीत जाणारा चार वर्षांचा मामेभाऊ. नात्यांची नावं मी सगळीकडे बाळाच्या बाजूने वापरते आहे, म्हणजे गोंधळ होणार नाही.

डिसेंबर २०२५ चा तिसरा आठवडा. निफाडची थंडी सगळ्या महाराष्ट्राला बातम्यांतून माहीत आहे. पारा खाली गेला की द्राक्षमणी तडकू नयेत म्हणून शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबक सोडून ठेवतात. या घराच्या मागच्या भिंतीला लागूनच बाग होती. पहाटे चारनंतर धूर खिडकीतून आत यायचा. त्यात बाळंतिणीच्या खोलीत रात्रभर कोळशाची शेगडी. हे दोन्ही तपशील पुढे महत्त्वाचे ठरले.

आणखी एक. जन्मानंतर बेचाळीस दिवसांपर्यंत आशाताई ठरलेल्या दिवशी घरी येऊन बाळ पाहून जातात. त्यानंतरची त्यांची ठरलेली भेट थेट तिसऱ्या महिन्यात. बऱ्याच बाळांची पहिली सर्दी या मधल्या काळात येते, पाहुणे वाढतात तेव्हा. त्या वेळी घर आपल्या शहाणपणावरच असतं.

सुरुवात

रविवारी मामेभावाचं नाक वाहत होतं. त्याने बाळाच्या गालाचे दोन-तीन पापे घेतले. सोमवारी बाळ शिंकायला लागलं. शिंका तर लहान बाळांना एरवीही येतात, नाक साफ करायची ती त्यांची रीतच आहे, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मंगळवारी दुपारपासून नाकातून घुरघुर. संध्याकाळी आजीने बाळाच्या पाठीवर तळहात ठेवला आणि म्हणाली, "छाती भरलीये गं. हाताला लागतंय बघ."

हे वाक्य मी शेकडो आयांकडून ऐकलं आहे. हाताला जे लागतं ते खरंच असतं, पण बहुतेक वेळा ते नाकातलं आणि घशातलं असतं. एवढ्याशा छातीत वरचा आवाज घुमतो आणि पाठीवर जाणवतो. छाती भरलीये की नाही ते पाठीवरच्या हाताने ठरत नाही. ते श्वासाच्या गतीवरून आणि बरगड्यांखालची जागा आत ओढली जाते का त्यावरून ठरतं. पण त्या संध्याकाळी "छाती भरली" हा शब्द घरात पडला, आणि मग सगळे त्याच शब्दाला धरून बोलू लागले.

रात्री दहापासून बाळ पिईना. लावलं की दोन घोट घ्यायचं, सोडायचं, मान मागे टाकून रडायचं. लहान बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं. तोंडात स्तन आणि नाक चोंदलेलं, म्हणजे प्यायचं की श्वास घ्यायचा, एकच निवडावं लागतं. भूक आहे, दूध आहे, वाट बंद आहे. घरात मात्र याचा अर्थ लागला की दूध आटलं. आणि ते का आटलं याचंही उत्तर तयार होतं: रविवारी बाळाच्या आईने वाटीभर दही खाल्लं होतं.

फोनवर काय झालं

"सिस्टर, ती पितच नाहीये," बाळाची आई म्हणाली. मागे बाळ रडत होतं, दोन-तीन जण एकदम बोलत होते. मी तीन गोष्टी विचारल्या: ताप किती, श्वास किती, शेवटची शू कधी.

शू रात्री अकराला झालेली. ताप काखेत १००.२. मग मी बाळाच्या अंगावर काय काय आहे ते विचारलं. झबलं, लोकरीचं स्वेटर, टोपडं, पायमोजे, दोन दुपटी, वर गोधडी, आणि खाटेजवळ पेटलेली शेगडी. खिडकी धुरामुळे बंद.

पहिली सूचना शेगडीची दिली. बंद खोलीत जळत्या कोळशाचा वायू बाळालाच नव्हे, आईलाही जीवघेणा ठरू शकतो, आणि त्याला वास नसतो. शेगडी अंगणात गेली, दार पाच मिनिटं उघडलं. स्वेटर आणि एक दुपटं काढायला सांगितलं, अर्ध्या तासाने ताप पुन्हा बघायचा.

मग श्वास. आईने मोजून सांगितलं, चौसष्ट.

दोन महिने पूर्ण झालेल्या बाळात मिनिटाला पन्नास किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे जलद श्वास. दोन महिन्यांच्या आत ही रेषा साठ असते. हे बाळ नुकतंच दोन महिने ओलांडून गेलेलं. चौसष्ट ऐकून मी म्हणाले, "गाडी काढा." मामा चावी शोधायला गेले. आणि त्या अर्ध्या मिनिटाच्या शांततेत माझ्या कानावर आलं की बाळ अजून रडतंच आहे. मी विचारलं, "मोजलंस तेव्हाही रडत होती का?" रडत होती. शिवाय तिने अर्धा मिनिट मोजून दुप्पट केली होती.

रडत्या बाळाचा मोजलेला श्वास धरायचा नसतो. ही गोष्ट मी विद्यार्थिनींना शिकवते, आणि त्या रात्री फोनवर सांगायला विसरले. या प्रकरणातली पहिली चूक माझी होती.

हरभरे

पुन्हा मोजायचं ठरलं. बाळ पणजींच्या मांडीवर दिलं. पाय लांब करून बसलेल्या पणजींच्या पोटऱ्यांवर, डोकं जरा उंच. दहा मिनिटांत ते पेंगलं. पण मोठ्याने आकडे म्हटले की दचकून जागं व्हायचं, आणि मनात मोजताना आईचं दर वेळी विसाच्या पुढे चुकायचं, कारण तिचे हात कापत होते.

तोड पणजींनीच काढली. दोन ताटल्या मागवल्या, एकीत मूठभर हरभरे. आजीने मोबाइलवरचं घड्याळ धरलं आणि "हं" म्हणाली. पणजींची नजर बाळाच्या पोटावर. पोट एकदा वर आलं की एक हरभरा या ताटलीतून त्या ताटलीत. कुणी बोलायचं नाही. मिनिट भरल्यावर आजी पुन्हा "हं" म्हणाली. मग आईने दुसऱ्या ताटलीतले दाणे मोजले.

चव्वेचाळीस.

खात्रीसाठी आणखी एकदा. सेहेचाळीस. बरगड्यांखाली खड्डा पडत नव्हता, नाकपुड्या फुलत नव्हत्या, श्वास सोडताना कण्हणं नव्हतं, ओठ गुलाबी. ताप तीन वाजून पाच मिनिटांनी ९९.

न्यूमोनियासाठी आरोग्यसेवकांना शिकवतात ते अगदी हेच. पूर्ण एक मिनिट, शांत बाळ, उघडं पोट. पणजींनी ते कुठे वाचलेलं नव्हतं. नजर आणि हात दोन्ही एका कामात गुंतले की भीती आकड्यात शिरत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्या ताटल्यांचा फोटो आईने मला दुसऱ्या दिवशी पाठवला. तो मी अजून जपून ठेवला आहे.

समोर असलेले पर्याय

तीन वाजता घरात चार मतं होती. एकही मत निष्काळजीपणाचं नव्हतं. ज्याला बाळाची जेवढी काळजी, तेवढा त्याचा आग्रह.

पणजींचं म्हणणं, ओवा-वेखंडाची धुरी द्यावी आणि वेखंड मधात उगाळून चाटवावं. धुरीबद्दल मी स्पष्ट नाही म्हटलं. आधीच सुजलेल्या नाकाच्या वाटेत धूर म्हणजे आणखी सूज, आणि त्या खोलीत तर शेगडीचा आणि बागेचा धूर रोजच भरत होता. मध एक वर्षाच्या आत अजिबात नाही. मधात क्वचित असे जिवाणूंचे बीजाणू असतात की लहान बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करतात आणि बाळ लुळं पडतं. मोठ्या माणसाला तो धोका नसतो, म्हणून "आम्ही सगळ्यांना चाटवलं, काही झालं नाही" हे पणजींचं वाक्य खोटं नसलं तरी बाळासाठी पुरेसं नाही. ओवा तव्यावर गरम करून त्याची पुरचुंडी उशापासून हातभर लांब ठेवायला मी हरकत घेतली नाही. बाळाच्या अंगाला ती लावायची नाही, आणि आत कापूर नाही. कापूर तान्ह्या बाळाला घातक आहे, त्याने झटके येऊ शकतात. कोमट तेलाचे दोन थेंब नाकात सोडायचा विषयही निघाला. ते तेल सरळ फुप्फुसात उतरू शकतं, म्हणून तोही बाजूला ठेवला.

मामीचं म्हणणं, कपाटात मामेभावाचं सर्दीचं सिरप आहे, त्यातलं चार थेंब द्यावं. मी लेबल वाचायला सांगितलं. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलएफ्रिन. हे मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं देशाच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं आहे. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची मुलं दूषित खोकल्याच्या औषधाने दगावली, त्यांतल्या कित्येकांना शेवटी नागपूरला आणलं होतं. त्याच सुमाराला दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं लिहून देऊ नयेत, अशी सूचना केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने काढली. मामीने ती बातमी पाहिली होती. "ते वेगळं सिरप होतं ना?" तिने विचारलं. सिरप वेगळं होतं हे खरं. पण चांगल्यातलं चांगलं सिरपही तान्ह्या बाळाची सर्दी एका दिवसाने कमी करत नाही. उलट गुंगी आणतं, आणि गुंगीतलं बाळ पीत नाही.

आजीचं म्हणणं, आईचं दूध आटलंय तर वरचं दूध द्यावं. मला सगळ्यांत जास्त भीती या सूचनेची वाटली, कारण ती तातडीची वाटत नाही आणि तिचे परिणाम महिनोन्‌महिने राहतात. त्या रात्री बाटली तोंडात गेली असती तर सर्दी उतरल्यावर बाळ अंगावर परत कितपत आलं असतं, सांगता येत नाही. आणि अंगावरच्या दुधातून आईच्या शरीरातली प्रतिद्रव्यं बाळाला मिळत असतात. आजारपणात तेच तोडायचं?

बाबा चाकणहून व्हिडिओ कॉलवर होते. ते म्हणाले, आत्ताच्या आत्ता नाशिकला मोठ्या दवाखान्यात न्या. लांबून फक्त रडणं ऐकू येणाऱ्या बापाला दुसरं काय सुचणार? थंडीत, रात्री तीनला, तासाभराचा रस्ता. गरज असेल तर तो करायलाच हवा, त्यात दुमत नाही. गरज आहे का, एवढंच ठरवायचं होतं.

निर्णय

आईने आधी दूध पिळून वाटीत काढलं. पंचवीस मिलीलीटर भरलं, आणि आटल्याची शंका तिथेच संपली. घरात जुनं चांदीचं बोंडलं होतं, आजीच्या वेळचं. ते उकळून घेतलं. बाळाला उभं धरून, ओठाला बोंडलं टेकवून, घोट घोट. प्रत्येक घोटानंतर थांबून श्वास घेऊ द्यायचा. वीस मिनिटं लागली, सगळं दूध गेलं. पावणेचारला दुपटं ओलं झालं.

मग सकाळपर्यंत थांबायचं ठरलं, पण अटींवर. मी सांगत गेले आणि आईने वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं. शांत असताना श्वास पन्नास किंवा वर, बरगड्यांखाली खड्डा, ताप १००.४ किंवा वर, लागोपाठ दोन वेळा निम्म्यापेक्षा कमी दूध, उठवून न उठणं, ओठ निळे, झटका. यातलं एकही झालं की कुणालाही न विचारता निघायचं. गाडीची चावी खुंटीवर, १०८ नंबर भिंतीवर. "कुणालाही न विचारता" हे शब्द मी मुद्दाम लिहून घेतले. सासर-माहेर, थोरले-धाकटे यांच्या होकाराची वाट बघण्यात घालवलेले तास मी माझ्या कक्षात पाहिले आहेत.

सकाळी साडेआठला तालुक्याच्या ठिकाणी बालरोगतज्ज्ञांकडे गेले. बाळ तपासलं, ऑक्सिजन ९८, छाती स्वच्छ. औषध म्हणून नाकात घालायचे सलाइनचे थेंब, दर नाकपुडीत दोन, पाजण्याआधी दहा-पंधरा मिनिटं. प्रतिजैविक नाही, कारण ही विषाणूची सर्दी, तिच्यावर प्रतिजैविक चालतच नाही. मोठ्यांचे नाक मोकळं करणारे थेंब चुकूनही नाही.

बाहेर आल्यावर आजी म्हणाली, "एवढं लांब आणलं आणि मिठाच्या पाण्यावर बोळवण केली." तिला खरंच वाईट वाटलं होतं. बाटलीभर औषध हातात असलं की आपण बाळासाठी काही केलं असं वाटतं. पण दुपारी थेंब घालून, पाच मिनिटांनी मऊ कापडाच्या वळीने नाकाच्या तोंडाशी आलेलं टिपून, बाळाला अंगावर घेतलं तेव्हा ते सलग सात मिनिटं प्यालं. ती सात मिनिटं वहीत दोनदा अधोरेखित केलेली आहेत.

दुसरा पेच: लस आणि ताप

गुरुवारी बाळाला दहा आठवडे पूर्ण. गावात लसीकरणाचं सत्रही त्याच दिवशी, आणि ते महिन्यातून एकदाच. सर्दीत सुई नको, असं घरात सगळ्यांचं मत होतं. उपकेंद्रातल्या सिस्टरांनी ताप पाहिला, नव्हता. बाळ पीत होतं. साध्या सर्दीमुळे लस थांबवायची नसते असं त्यांनी सांगितलं आणि पेंटा (पाच रोगांवरची एकत्र लस), पोलिओ आणि रोटा (जुलाबाच्या विषाणूवरची लस) यांचा दुसरा डोस दिला. मला तो निर्णय योग्य वाटतो. डांग्या खोकल्यापासूनचं संरक्षण पेंटामधूनच मिळतं, आणि तो या वयाच्या बाळाचा श्वास थांबवणारा आजार आहे.

रात्री नऊला ताप १००.८. पहिल्या पानावरची अट मोडली. लसीचा की सर्दीचा? तीन महिन्यांखालच्या बाळाच्या तापाचं कारण घरी बसून ठरवायचं नसतं, म्हणून आईने डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी श्वास विचारला. हरभरे पुन्हा निघाले, बेचाळीस. दूध पितंय का? पितंय. बाळ आदल्याच दिवशी तपासलेलं, म्हणून त्यांनी पॅरासिटामॉलचे थेंब ०.६ मिलीलीटर द्यायला सांगितले. तासाभरात ताप उतरला नाही तर लगेच आणायचं, उतरला तरी सकाळी दाखवायचं.

घरात थेंब नव्हते. मामेभावाचं पॅरासिटामॉल सिरप होतं. मामी झाकणात ओतायला निघाली, "औषध तेच आहे ना?" औषध तेच, पण ताकद वेगळी. थेंबांच्या बाटलीत एका मिलीलीटरला १०० मिलिग्रॅम, त्या सिरपमध्ये पाच मिलीलीटरला २५०. बाळाचं वजन ४.९ किलो. किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम धरले तर एका वेळी ४९ ते ७३. डॉक्टरांनी सांगितलेले ०.६ म्हणजे ६० मिलिग्रॅम. सिरपचा एक चमचा गेला असता तर चौपट. आणि उलट, थेंबांची बाटली घेऊन कुणी "पाच मिली" दिले तर पाचशे मिलिग्रॅम, आठपटीहून जास्त. आईने पुन्हा फोन करून बाटलीवरचा आकडा वाचून दाखवला. मामा रात्रीच्या मेडिकलमधून थेंब घेऊन आले. दहा वाजता डोस, अकराला ९९.४. शुक्रवारी सकाळी डॉक्टरांनी पाहिलं, छाती स्वच्छच होती.

वजन, बाटलीवरचा आकडा आणि मिलीलीटर, या तिन्ही गोष्टी एकत्र बोलल्याशिवाय पॅरासिटामॉलचा डोस कुणी सांगूही नये आणि घेऊही नये, असं माझं ठाम मत आहे.

पुढचे दिवस आणि निष्पत्ती

तिसरा ते पाचवा दिवस सगळ्यांत जड गेले. ते तसेच जातात. विषाणू छातीतल्या बारीक नळ्यांत उतरून श्वासाचा त्रास सुरू व्हायचा असेल तर तोही बहुधा याच दिवसांत होतो. म्हणून "आता तीन दिवस झाले, उतरेल" असं म्हणून सैल पडायची ही वेळ नसते. वहीत या दिवसांची पानं भरगच्च आहेत: पाजल्याची वेळ, किती मिनिटं, ओली दुपटी, निजेतला श्वास. रोज सहाच्या वर दुपटी ओली होत होती. शनिवारी शेंबूड हिरवट झाला, तेव्हा आजीने पुन्हा प्रतिजैविकाचा विषय काढला. रंग बदलणं हा सर्दीच्या उतरणीचा भाग असतो, त्यावरून औषध ठरत नाही.

पणजींना मी एक काम सोपवलं होतं. धुरी नाही म्हटल्यावर त्या दुखावल्या होत्या, आणि त्यांना बाजूला सारून त्या घरात काहीही पार पडलं नसतं. पाजल्यानंतर अर्धा तास बाळाला खांद्यावर उभं धरून बसायचं आणि दिवसातून तीनदा श्वास मोजायचा. दोन्ही त्यांनी चोख केलं. झोपताना मात्र बाळ पाठीवर, सपाट, डोक्याखाली उशी नाही.

नवव्या दिवशी नाक मोकळं झालं. खोकला चौदाव्या दिवसापर्यंत रेंगाळला. पंधराव्या दिवशी वजन ५.२ किलो. बाळ पूर्ण अंगावर पीत होतं, वरचं दूध लागलं नाही.

काय वेगळं करता आलं असतं

मी श्वास मोजायला सांगताना "रडणं थांबल्यावर, पूर्ण मिनिट" हे आधी सांगायला हवं होतं. आता मी हे घरी सोडतानाच शिकवते, फोनवर नाही. बाळ झोपलेलं असताना आईला एकदा मोजायला लावते, म्हणजे निरोगी बाळाचा आकडा तिला माहीत असतो. तान्ह्या बाळाचा श्वास मोठ्यांपेक्षा मुळातच भरभर असतो. तो पहिल्यांदा आजारपणातच मोजला तर कुठलाही आकडा भयंकर वाटतो.

दुसरं, त्या १००.२ बद्दल माझ्या मनात अजून पूर्ण समाधान नाही. काखेतला ताप आतल्या तापापेक्षा थोडा कमीच दिसतो. अडुसष्ट दिवसांचं बाळ, सीमेवरचा आकडा. कपडे कमी केल्यावर तो उतरला, बाळ प्यालं, श्वास ठीक होता, म्हणून थांबलो आणि निभावलं. अर्ध्या तासाने आकडा जागचा हलला नसता तर मी त्यांना तिथूनच निघायला लावलं असतं. तेच बाळ महिन्याच्या आतलं असतं तर दुसऱ्यांदा मोजायलाही थांबू दिलं नसतं.

तिसरं, सलाइनचे थेंब, थर्मामीटर आणि बोंडलं किंवा लहान वाटी-चमचा बाळंतिणीच्या सामानात आधीपासून असते तर मंगळवारची रात्र इतकी लांबली नसती. मिठाचं पाणी घरी बनवायचा विचार मामाने केला होता. ते मी नको म्हटलं. प्रमाण चुकतं, आणि पाणी निर्जंतुक राहत नाही.

चौथं, शेगडी. ती खोलीत आहे हे मला तेव्हा कळलं ते मी अंगावरचे कपडे विचारले म्हणून. थंडीच्या भागातल्या बाळंतिणीला हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा.

आणि मामेभाऊ. आठवडाभर त्याला येता-जाता ऐकावं लागलं, "तुझ्यामुळे बाळ आजारी पडलं." चार वर्षांचं पोर ते. त्याने बाळाच्या खोलीत जाणंच सोडलं, दाराशी उभा राहायचा. त्याला हात धुवायला कुणी शिकवलेलं नव्हतं, गालाऐवजी पावलाचा पापा घे असंही कुणी सांगितलं नव्हतं. पंधराव्या दिवशी बाळाच्या आईने त्याला मोरीत नेलं, साबणाने कोपरापर्यंत हात धुवून दिले आणि खाटेवर बसवलं. दुपट्यातून बाळाचं एक पाऊल बाहेर काढून त्याच्या हातात दिलं. वहीत त्या दिवसाची शेवटची ओळ तीच आहे, खाली वेळ लिहिली आहे: संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटं.